बाबांचा डावा हात

बाबांना लकवा झाला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, समज किती राहिली ते हळूहळू कळेल. सुरतेतल्या आमच्या नवागामच्या चाळीला तेवढा धीर नव्हता. समज गेली, असं चाळीने दुसऱ्याच दिवशी ठरवून टाकलं.

मग उपाय सुरू झाले. शेजारच्या काकूंनी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. माय कबुतराला घाबरायची, म्हणून कबुतर वाचलं आणि लसूण घालून कढवलेल्या तेलावर भागलं. माय दिवसभर घरी बसून मजुरीवर साड्यांचे सुटे धागे कापायची, त्यामुळे तेल चोळायचं काम माझ्याकडे आलं. मी दहावीत होते. माझ्या वेणीला, दप्तराला, सगळ्याला लसणाचा वास. वर्गात माझ्याशेजारी कुणी बसेना. ऐसपैस बाक मिळाला, एवढं एक बरं झालं.

डावा हात खरं तर चांगला होता. पण मी तेलाची वाटी घेऊन बसले की बाबा त्या हाताची मूठ वळायचे आणि हिसका देऊन स्वतःकडे ओढायचे. पुन्हा पुन्हा. माय म्हणाली, "अगं बाई, या हातातही वारं शिरलं!" मग आम्ही डाव्या हातालाही तेल लावू लागलो. हिसके वाढले, तसं तेलही वाढवलं.

तेवढ्यात गावाहून मोठे काका आले. बाबांचे थोरले भाऊ. माणूस मनाने चांगला, पण सगळं ठरवूनच आलेला. "याला रविवारी गावी नेतो. तिथे ओटा आहे, हवा आहे. तू पोरीची शाळा बघ, मग ये मागाहून. आणि याला आता सुरत काय नि गाव काय!"

माय "हं" म्हणाली. थोरल्या दिरासमोर ती तेवढंच म्हणायची. माझं मात्र डोकं फिरलं. बाबा गावी लग्नाला गेले तरी दुसऱ्या दिवशी परत यायचे; तिथे फार शांत असतं, झोप लागत नाही म्हणायचे. त्यांना कुणी विचारलं होतं का? पण विचारणार कसं, हेही मला ठाऊक नव्हतं. मी रागारागाने तेल गरम केलं.

रविवारी सकाळी बाबांच्या कापड कारखान्यातले जोडीदार भेटायला आले. शेजारशेजारच्या लूमवर दोघं उभे राहायचे. मी वाटी घेऊन बसले, बाबांनी मूठ ओढली आणि जोडीदार ओरडले, "अवं पोरी, थांब ना! तो बंद कर म्हनी ऱ्हायना!"

लूमच्या खडखडाटात कानाशी तोंड नेलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळं बोलणं हाताने चालतं, असं त्यांनी सांगितलं. मूठ ओढणं म्हणजे हँडल ओढ, मशीन बंद कर. म्हणजे इतके दिवस बाबा मला थांब म्हणत होते आणि मी आणखी तेल ओतत होते.

माय उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर सावरला आणि थोरल्या दिरासमोर पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलली. "त्यांना विचारा, गावी जायचं का?"

"त्याला काय कळतंय?" काका म्हणाले.

जोडीदारांनी हातवारे करून विचारलं. बाबांनी आधी काकांकडे पाहिलं, मग मायकडे. डाव्या हाताची दोन बोटं वर केली आणि मग तीच बोटं खाली, खाटेकडे वळवली.

"काय म्हणाला?" काकांनी विचारलं.

"बदलीचा माणूस आला नाही की आम्ही मुकादमाला अशी खूण करतो," जोडीदार म्हणाले. "घरी जात नाही. डबल पाळी इथंच काढतो."

काकांनी बाबांच्या पायावरची चादर नीट केली, पिशवी उचलली आणि संध्याकाळच्या गाडीने एकटेच गेले.

ते गेल्यावर माय खाटेवर बाबांच्या समोर बसली. कारखाना तिने कधी आतून पाहिला नव्हता. तिने दोन बोटं वर केली, थोडी चुकीचीच, आणि खाली खाटेकडे वळवली. बाबा ढसाढसा रडले. मीही रडले, आणि उरलेलं तेल मोरीत ओतून आले.