विष्णुपंतांची माती-तपासणी

अंबरनाथ पश्चिमेच्या विष्णुपंतांनी एका कारखान्यात चौतीस वर्षं मालाची तपासणी केली. पंत निवृत्त झाले, तपासणी मात्र कामावरच राहिली. पत्नी मीनलताईंनी तव्यावरून पोळी उतरवली की पंत ती उजेडात धरून बघायचे. अशा माणसाने चामटोलीला अडीच गुंठे जमीन घेतली, तेव्हा मीनलताईंनी देवापुढे साखर ठेवली.

त्या जमिनीवर दोन वर्षं रस्त्याच्या कंत्राटदाराचे डंपर उभे राहिले होते. माती इतकी दबलेली की पहार मारली तर ठण्ण वाजायची. पावसाचा थेंब आत जिरेना. सगळं पाणी शेजारच्या वेणूबाईंच्या ओट्यावर.

"दसऱ्यापर्यंत इथे हिरवं काही दिसलं नाही, तर मी पेव्हर ब्लॉक टाकून घेणार," मीनलताईंनी बजावलं. "निदान चपला तरी स्वच्छ राहतील."

पंतांना तर तिथे वालाचा मांडव घालायचा होता. ते लगेच कामाला लागले. दर रविवारी सहा ठिकाणी फूटभर खणायचं, गांडुळं मोजायची, वहीत 'शून्य' लिहून सही करायची, आणि खड्डा बुजवून वर चांगलं नाचायचं.

"भाऊ, काय शोधताय?" वेणूबाईंनी विचारलं.

"माती बरी होतेय का, ते बघतोय."

"पोराच्या गुडघ्याची खपली रोज उचलून बघता का? निजू द्या की तिला!"

"अहो, पण तपासल्याशिवाय कळणार कसं?"

वेणूबाईंनी कपाळावर हात मारला. पुढच्या रविवारी पंत येऊन बघतात तर अर्ध्या जागेवर पेंढा पसरलेला.

"माझ्या म्हशीचा हाय. हात लावायचा नाय," वेणूबाई म्हणाल्या.

पंत सभ्य गृहस्थ. उरलेल्या अर्ध्यात त्यांनी बारा खड्डे घेतले. भर पावसात पेंढा उघड्यावर कोण टाकतं, आणि वेणूबाईंकडे म्हैस आहेच कुठे, हे दोन मुद्दे तेवढे तपासणीतून सुटले.

दसऱ्याला मीनलताई पेव्हरवाल्याला घेऊनच उतरल्या. पंतांच्या वहीत अठरा रविवारांची अठरा शून्यं, आणि खणलेली बाजू पंतांच्या टाळूसारखी तुळतुळीत. पंत मान खाली घालून उभे राहिले. माप घ्यायला पेव्हरवाल्याने फावड्याने पेंढा सारला, आणि मीनलताई केवढ्यांदा तरी किंचाळल्या.

गांडुळं! एक नाही, दोन नाही, गांडुळांची जत्रा. खाली काळी, ओलसर, भुसभुशीत माती. कुजक्या पेंढ्यातून वालाचे दोन कोंब वर डोकावत होते.

"दोन दाणे मीच टोचले," वेणूबाई म्हणाल्या. "आन यंदा या अंगाचं पाणी ओट्यावर आलंच नाय. जिरलं."

पंतांचा हात आपसूक कुदळीकडे गेला. मोजायला नको?

मीनलताईंनी कुदळ आधीच उचलली होती. "पेव्हर रद्द," त्या म्हणाल्या. "आणि ही माळ्यावर जाणार."

हल्ली दर रविवारी पंत चामटोलीला कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि नुसते बघतात. वेल छान चढतोय.

अंबरनाथच्या गॅलरीतली तुळस मात्र परवा अचानक मलूल दिसू लागली. मीनलताईंनी कुंडी चाचपली. आत चहाचा चमचा सापडला.