माजघर अजून व्हायचंय

पार्ल्याच्या आमच्या बैठ्या घरात दुपारची जेवणं झाली की बिस्किटांचा वास यायचा. कारखाना तसा लांब होता, पण वारा तिकडून फिरला की वास अंगणात येऊन बसायचा आणि सगळ्या घरालाच गुंगी चढायची. जगात सगळीकडे दुपारला असाच वास असतो, अशी माझी समजूत होती. पुढे बोरिवलीला मावशीकडे राहायला गेले, तेव्हा तिथली दुपार मला अगदीच फिकी वाटली.

अशाच एका रविवारी बाबांनी घरातल्या सामानाची यादी करायला घेतली. त्यांच्या ऑफिसातल्या एका स्नेह्याने जोडीला विम्याचं काम धरलं होतं आणि आगीचा विमा बाबांच्या गळ्यात मारला होता. आमच्या घरात विमा उतरवण्याजोगं काय होतं म्हणा! पण बाबांना नव्या गोष्टींची हौस दांडगी. दुसऱ्या दिवशी तो स्नेही यादी न्यायला येणार होता, आणि आई यादी करू देत नव्हती.

आईचं रत्नागिरीकडचं माहेर ती माझ्याएवढी असताना जळून गेलं होतं. अंगणातल्या पेंढ्याच्या गंजीला लागली आणि घरापर्यंत आली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. 'आग' हा शब्द आई तोंडातून काढत नसे. चुलीत असायचा तो विस्तव. विम्याचा कागद तिने उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता. आठवडाभर तो बाहेर ओट्यावर वरवंट्याखाली पडून होता. चटणी वाटायची वेळ झाली की वरवंटा आत जायचा आणि तेवढा वेळ कागदावर मला बसवलं जायचं.

"जळण्यासाठी म्हणून वस्तू मोजायच्या?" आई म्हणत होती. "आमंत्रण धाडण्यासारखं आहे हो ते."

"अगं, नुसती नावं सांगायची. तो शब्द मी लिहीतसुद्धा नाही."

शेवटी तह झाला. आई जेवून जमिनीवर आडवी झाली होती. "मी काही उठणार नाही," ती म्हणाली. "पडल्यापडल्या सांगते. लिहायचं तर लिहा."

बाबांची पद्धत ठरलेली होती. दारातून शिरायचं, देवळासारखी डावीकडून प्रदक्षिणा घालायची आणि दिसेल ते बोलायचं. एक खोली संपल्याशिवाय दुसरीत जायचं नाही. आईने डोळे मिटले. मी तिच्या पोटाशी जाऊन पडले.

सुरुवात झकास झाली. बाहेरच्या खोलीतलं बाकडं, कोपऱ्यातली छत्री, बाबांचा कोट. "विटलाय तो," आई म्हणाली, आणि बाबांनी तेही लिहिलं. मग स्वयंपाकघरातले पितळी डबे, तांब्याचा बंब, दुधाची कासंडी. आईचा आवाज जड होत चालला होता. वास येतच होता. मीही डोळे मिटले आणि तिच्या मागोमाग चालू लागले. आमचं घर इतकं सुंदर आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं.

"माजघरात शिसवी झोपाळा," आई म्हणाली. "पितळी कड्यांचा. शेजारी माझ्या खांद्याला लागेल एवढी समई."

मी डोळे उघडले. आमच्या घराला माजघर नव्हतं. झोपाळा तर नव्हताच. बाबांचं पेन थांबलं होतं.

"अगं," ते हळूच म्हणाले.

आई दचकून उठून बसली. तिने पदर सारखा केला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "फाडून टाका तो कागद."

मग तीच म्हणाली, "तेव्हा कोणी विचारलंच नाही हो, काय काय गेलं म्हणून. माणसं वाचली ना, मग झालं तर, असं जो तो म्हणायचा. खरंच होतं ते. मग मीही कधी बोलले नाही."

बाबा कारकून माणूस. कागदावर एक चुकीची ओळ त्यांना सहन व्हायची नाही. आता ते झोपाळा आणि समई खोडून टाकणार असं मला वाटलं, आणि त्यांनी काही करायच्या आधीच मला त्यांचा भयंकर राग आला.

बाबांनी कागद गुडघ्यावर सरळ केला.

"खोली संपल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं ठरलंय आपलं," ते म्हणाले. "माजघर अजून व्हायचंय. समईच्या पुढे काय?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग पुन्हा आडवी झाली आणि तिने डोळे मिटले.

"फडताळ," ती म्हणाली. "वरच्या कप्प्यात आईची लुगडी. खाली माझं नवं परकर-पोलकं. निळं. घडी मोडली नव्हती मी अजून."

"निळं म्हणजे?" बाबांनी लिहिता लिहिता विचारलं. "आकाशी की मोरपंखी?"

"मोरपंखी," आई म्हणाली, आणि इतक्या वर्षांनी तिला रडू फुटलं.