सोपानने चढलेलं माझं शिखर

आण्याच्या पठारावरच्या सोपानने बावीस वर्षांच्या नोकरीत एकदाही 'लई' हा शब्द वापरला नाही. जुन्नर तालुक्यात हे म्हणजे मिठाशिवाय जेवण्यासारखंच. मी ओतूरचा, माझा तर श्वाससुद्धा 'लई'ने सुरू होतो. पलटणीत पहिल्याच दिवशी मी सांगत होतो, की आमच्या उसातल्या बिबट्याचं तोंड ओतूरच्या स्टँडवर असलं तर शेपूट आणे घाटात असते. सगळे हसले. सोपानने शांतपणे विचारलं, "फूट किती?" मी म्हणालो, बारा. "म्हंजी सहा. बस खाली."

तेव्हापासून माझ्या प्रत्येक गोष्टीला दोनाने भागण्याची ड्यूटी त्याने आपणहून घेतली.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी आमची तुकडी हिमालयातल्या एका शिखराच्या मोहिमेवर गेली. थंडी अशी, की पेला उलटा केला तर चहा गुळाच्या ढेपेसारखा हातात यायचा. सोपान म्हणायचा, "गारवा हाय." शेवटच्या चढाईला आमच्या जोडीतला एकच जाणार होता. चाचणीत मी पुढे, सोपान राखीव. मी गावी फोन करून मिरवणुकीचा ट्रॅक्टरही ठरवून टाकला.

उंचावर आजारी पडलेला जवान खाली पाठवतील या भीतीने स्वतः कबूल करत नाही, म्हणून रोज सकाळी डॉक्टर त्याच्या जोडीदाराला विचारतात. माझं डोकं तीन दिवस घणाने ठोकल्यासारखं दुखत होतं; हे मात्र दोनाने भागू नका. सोपानला मी आईची शपथ घातली. तो म्हणाला, "डोकं दुखतंय, असं मी सांगणार नाय."

शब्द त्याने पाळला. चढाईच्या आदल्या सकाळी डॉक्टरांपुढे ताठ उभा राहून म्हणाला, "साब, ये दो दिन से झूठ नहीं बोला. कल पूछा, बर्फ कितनी गिरी? बोला, आधा फूट. मैंने नापी. आधा फूट ही थी."

तंबूत हशा पिकला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्या छातीला नळी लावली. फुप्फुसात पाणी धरायला लागलं होतं. दुपारी चौघांनी मला स्ट्रेचरवरून खाली नेलं, आणि माझ्या जागी सोपान वर गेला.

आण्यात त्याचा फ्लेक्स लागला. माझी बायको त्याला देवमाणूस म्हणते, दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवते. मी दोन वर्षं त्याच्याशी बोललो नाही. मग एकदा कळंबला हॉटेलात तो समोरच येऊन बसला. मी विचारलं, "माझा जीव वाचवायला बोललास, का तुला वर जायचं व्हतं?"

सोपानने चहा बशीत ओतला.

"दोनी," म्हणाला.

बावीस वर्षं मी साहेबांपुढे थापा मारून याच्या रजा सांभाळल्या. याला माझ्यासाठी एकदा, तेवढंच एकदा, 'तुझ्या जिवासाठी' असं खोटं बोलता आलं नाही. मी चहा तसाच टाकून उठलो.