मागच्या सीटखालचं रडणं

"मिस्तरी, परवा सकाळी मला आईला घेऊन नागपूरला निघायचंय. आता काय ते तुम्हीच बघा!" गायकवाडसाहेब म्हणाले. त्यांची जर्मन गाडी टेम्पोला दोराने बांधून आणलेली, माझ्या अंबरनाथच्या गॅरेजसमोर मान खाली घालून उभी होती.

गाडी कसली, जहाज. वीस वर्षं जुनी, तिसऱ्या मालकाकडे आलेली. बॉनेट इतकं लांब, की पुढचे दिवे अंबरनाथला पोचले तरी डिकी उल्हासनगरातच. साहेब एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत लॅबला, राहायला बदलापूरला, बेलवलीत. त्यांच्या आई छप्पन साली वडिलांचं बोट धरून दीक्षाभूमीवर गेल्या होत्या. नंतर जायचं राहूनच गेलं. या दसऱ्याला त्यांना स्वतःच्या गाडीतून न्यायचं, असं साहेबांनी अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलेलं.

गाडीचा आजार असा: सकाळी घोड्यासारखी पळायची. वीस-पंचवीस मिनिटांनी तापली की मेली. अर्धा तास सावलीत ठेवली की परत जिवंत. माझ्याआधी तीन मेकॅनिकनी प्लग, कॉइल, फिल्टर, सगळं बदललं होतं. चौथ्याने लिंबू-मिरची बांधून हात जोडले होते.

मी आधी पेट्रोलच्या पाइपला प्रेशर गेज लावला. या गाड्यांना दोन फ्युएल पंप असतात. एक टाकीच्या आत, दुसरा बाहेर, मागच्या सीटखाली. आतला पंप बाहेरच्याच्या हातात पेट्रोल देतो, बाहेरचा ते जोर लावून इंजिनपर्यंत फेकतो. मी पंपांना करंट देणाऱ्या रिलेच्या जागी वायरचा तुकडा लावून, इंजिन बंद ठेवूनच पंप चालवले. सुरुवातीला काटा ताठ. वीस मिनिटांनी जेवण झालेल्या कारकुनासारखा पेंगायला लागला. बाहेरच्या पंपाला हात लावला, तर त्यावर भाकरी भाजली असती.

सापडला चोर! मी थेट उल्हासनगर गाठलं, साईंकडे. साईं म्हणजे आमचे सिंधी स्पेअरपार्टवाले.

"ओरिजिनल आहे ना, साईं?"

"बाबा, कंपनीवाला देखेगा तो वो भी धोखा खाएगा! और सुन, पंप जोडी से बदल. दोनों ले जा."

म्हटलं, दुकानदार दोन विकायलाच बसलाय. एकच घेतला.

संध्याकाळी ट्रायलला निघालो. साहेब स्टिअरिंगवर, मी बाजूला, मावशी, म्हणजे साहेबांच्या आई, मागे. टेपवर भीमगीतं जोरात. बदलापूर ओलांडलं, मी मिशीला पीळ देणार, तोच खरवईजवळ गाडीने आचका दिला आणि थांबली.

"झालं!" साहेब म्हणाले. "तुमचा उल्हासनगरी डुप्लिकेट पंप!"

मीही साईंच्या सात पिढ्या मोजायला घेतल्या. तेवढ्यात मागून मावशी म्हणाल्या, "मिस्तरी, ती बंद पडायच्या आधी रडते."

"कोण?"

"गाडी. माझ्या बुडाखाली. आधी बारीक, मग मोठ्यानं. गाडी घेतल्यापासून ऐकतेय मी."

"आई, मग बोलली का नाहीस?"

"तू टेप बंद करशील तेव्हा ना!"

माझी ट्यूब तिथं पेटली. नवा पंप रडतोय, म्हणजे त्याच्यापर्यंत पेट्रोलच पोचत नाही. मी डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा पाहिला. लाल रेघेवर.

"साहेब, टाकी फुल कधी केली होती?"

"फुल? रिझर्व्हला आली की दोनशेचं टाकतो. बाइकला पण तसंच. सगळे तसंच करतात."

आता ऐका. आतला पंप पेट्रोलात बुडलेला असतो आणि पेट्रोलच त्याला गार ठेवतं. टाकी कायम रिकामी, म्हणजे पंप कायम भट्टीत. वरून तळातला गाळ तोच खेचणार. आतला थकला आणि बाहेरचा त्याच्यापायी उपाशी मेला. चोर दोघे होते, मी एकाला पकडून ढोल वाजवले.

सकाळी पुन्हा साईंकडे.

"कल बोला था ना, जोडी से?"

मी मान खाली घालून दुसरा पंप घेतला. जुना टाकीतून काढला, तर जाळीत इतका गाळ, की तुळस लावली असती. पाइप, जाळी सगळं नवं घातलं, टाकी गळ्यापर्यंत भरली आणि परत खरवई. यावेळी टेप बंद. मावशींनी सीटला कान लावला. वीस मिनिटं, तीस, पन्नास.

"झोपली," मावशी म्हणाल्या. "गाढ झोपली."

मी सोडलेल्या निःश्वासाने मागून येणारी रिक्षा हलली असेल.

ते निघाले. पुढचे दोन दिवस मोबाइल वाजला की माझ्या छातीत पाना पडायचा. दसऱ्याच्या दुपारी फोन आला. मावशी होत्या.

"पोचलो रे मिस्तरी. वाटेत कुठंच रडली नाही."

मग म्हणाल्या, "इथं आल्यावर मीच रडले."

तेव्हापासून गाडी आली की मी मालकाचं नंतर ऐकतो. आधी विचारतो, मागं कोण बसतं? साहेब अजूनही दोनशेचंच टाकतात. फक्त आता अर्ध्या टाकीवर टाकतात.