माह्या बुढ्याच्या शेजारची जागा

आमच्यात माणूस जाळत नाहीत. मातीत बसवतात, मांडी घालून, आनि भवती मीठ टाकतात. वरतून नाल्यातला एक दगड. नाव लिहाची रीत नाही. ज्याचा माणूस त्याले त्याची जागा माहीत, असंच चालत आलं.

आमचे सारे नाल्यापलीकडच्या मसणवटीत हायेत. सासूच्या मातीवर मोडक्या जात्याची तळी ठेवली, कारन ते जातं तिनंच जन्मभर वढलं. तिच्या पायथ्याशी माहा बुढा, माह्या लेकरायचा बाप. तवा तो काही बुढा नव्हता, आता मी त्याले तसं म्हनतो. वेचनीच्या दिवसात गेला. तिसऱ्या रोजी मी मातीवर दूध टाकलं आनि तशीच वावरात गेली. कापूस बोंडातून लोंबून राह्यलता, घरात लेकरं लहान. रडाले रात होती.

पन दूध टाकतानी दिराले सांगून ठेवलं. म्हनलं, "भाऊजी, याच्या डाव्या अंगाले कोनाले बसवू नका. ते माही जागा."

दीर म्हने, "वहिनी, आत्तापासूनच रिझर्वेशन?"

त्या वक्ती बी मले हसू आलं. पन दिरानं ते जागा राखली. भावकीत कोनी गेलं का पह्यले तो फावडं घेऊन उभा राहे, इथं नाही, तिकडं खंदा म्हने. मंग तोच गेला.

आखाजीले, पितरायले पानी द्याच्या दिवशी, मी दरसाल घागर घेऊन जाओ, सासूच्या मातीवर पानी टाको, मंग याच्या. हळूहळू तिथं कोनी यायचं बंद झालं. भावकीतले पोट्टे कोनी लोहाऱ्यात कंपनीत, कोनी यवतमाळात हाफिसात. पितरपाटात मोबाईलवर आजाचा फोटो धाडतात, त्याले फुलाचा हार लावून. आनि आजा जिथं बसला तिथं बाभळी माजल्या. लग्नाच्या पत्रावळ्या, मेलेल्या कोंबड्या, सारं लोक तिथं आनून टाकत. बाजूचा वावरवाला दरसाल नांगराचं एक तास आत घुसे. एका साली पाह्यलं तं आमच्या चुलत सासऱ्याच्या अंगावर तूर उभी होती. मी बोलली तं तो म्हने, "बुढे, तुह्या सासऱ्याले तूर आवडे का नाही?"

मंग माहे गुडघे गेले. बाभळीतून वाकून जानं होईना. घागर घरीच तुळशीत रिकामी करो. पोराले दर खेपी सांगो, "बाबू, बापाजवळ जायाले वाट तं मोकळी कर." तो म्हने, "करतो माय." तो यवतमाळात राह्यते. आला का शेतातल्या तुरीची डाळ नेते, लोनचं नेते. वाट राहून जाये.

यंदा आखाजीले सकाळीच गाडी घेऊन आला. म्हने, "चाल माय, तुले काही दाखवतो." मी घागर भरून मांडीवर घेतली.

गाडी पार मसणवटीपर्यंत गेली. उतरून पाह्यलं, तं बाभूळ नाही, कचरा नाही. हातावानी सपाट जमीन. आनि कोपऱ्यात दगडांचा ढीग.

पोरगा खुशीत. म्हने, "जेसीबी लावला माय. सरपंचाले भेटून सारी मसणवट साफ करून घेतली. ड्रायव्हरले सांगतलं, आमचे पूर्वज हायेत, दगड नीट बाजूले ठेव. एक बी फुटू नाही देल्ला."

मी ढिगाजवळ गेली. जात्याची तळी वरतीच होती, टवका बी उडाला नव्हता. तिच्यावरून हात फिरवला. मंग मांगं वळून मैदान पाह्यलं. कुठं ठेवू हे?

म्हनलं, "बाबू, तुहा बाप कुठं हाय?"

"इथंच ना माय."

"इथं म्हंजे कुठं? पाय ठेवून दाखव."

त्यानं दोन पावलं टाकली आनि थांबला. पुढचं पाऊल कोनावर पडन हे त्याले माहीत नव्हतं. मले बी नव्हतं. मी तळी पाहून ओळखो, बाभळीचा वाकडा बुड पाहून ओळखो. आता ना बुड, ना काही.

मंग तो म्हने, "पानी कुठंबी टाक ना माय. त्याईले पोचते."

"कुठंबी टाकाले हे काय सडा हाय?"

घागर मी ढिगावर पालथी केली. दगडं तापले होते, पानी लगेच सुकलं.

तो म्हने, "मी एक मोठा ओटा बांधतो. ग्रॅनाईट लावतो. साऱ्यायचे नावं."

"कोनाच्या डोक्यावर बांधतं?"

माहा पोरगा वाईट नाही. त्याले वाटलं कचरा तेवढाच अडचन हाय. त्यालेच काय बोलू, भावकीतल्या एकालेबी त्याच्याआंधी इथं फावडं घेऊन याचं सुचलं नाही.

गाडीत बसतानी मी त्याले सांगतलं, "मी मेली का मले जाळजो."

त्यानं चाबी तशीच धरली. "आपल्यात जाळत नाहीत, माय. भावकी काय म्हनन?"

"भावकीले इचार, तुह्या बापाचं डावं अंग कोनतं. जो दाखवन, त्याच्या हातानं मले बसवजो. नाही तं जाळजो."

त्यानं गाडी गावाकडं वळवली. मी दुसऱ्यांदा सांगतलं नाही.