पांढऱ्या रिमोटवरची हळद

“अरे, ह्या रिमोटला हळद लागली का काय?”

पार्लरच्या बाकावर बसलेल्या दोन कॉलेजच्या पोरांपैकी एक दुसऱ्याला म्हणाला आणि दोघंही हसले. मी काउंटरमागे एका तुटलेल्या वायरला सोल्डर करत होते. मान वर केली नाही, पण हात तसाच थांबला... कारण तो रिमोट चारच दिवसांपूर्वी मी स्वतः पांढरा रंगवला होता.

आधी एक सांगते. या सदरातले अनुभव मी इतकी वर्षं वाचत आले ते चुका शोधायला. जालन्याला इंग्लिश मीडियममध्ये शिकले, पुढे सायन्स घेतलं. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी मनातल्या मनात त्याची कारणं लावत बसायचे. मनातल्या मनातच — मोठ्याने मी फारसं काहीच बोलत नसे. ही सवय इथे महत्त्वाची आहे, म्हणून सांगितली.

गोष्ट २००३ची. बारावीनंतर मी वर्षभर परतूरला मामाकडे राहत होते. मोंढ्याच्या, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजाराच्या, रस्त्याला मामाचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, पुढच्या भागात तीन टीव्ही मांडून व्हिडिओ गेम पार्लर, आणि मागच्या दाराने गेलं की घर. गेमच्या कंट्रोलरला तिथे सगळे ‘रिमोट’च म्हणत. जुने, मळकट रिमोट खोलायचे, घासायचे, स्प्रे मारून नव्यासारखे करायचे — हे काम मी मागून घेतलं होतं. त्यात कुणाशी बोलावं लागत नाही.

पार्लर बघायचा तो सुनीलदादा. मामीचा एकुलता एक भाऊ, तिच्याहून सात वर्षांनी धाकटा. मला ‘मॅडम’ म्हणायचा. “मॅडम, आज दोन शब्द बोलल्या. पाऊस पडतो आता!” त्या वैशाखात त्याचं लग्न ठरलं होतं, केदारखेड्याच्या रेखाशी. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याच्या गावात हळद लागली आणि त्याच दुपारी तो हळदीच्या अंगाने, कुणाला न सांगता गाडी घेऊन निघाला. परतूरच्या रस्त्यावर मुरमाच्या ट्रॉलीने त्याला उडवलं.

हळद लागल्यावर नवरदेव घराबाहेर पडत नाही. मग हा का पडला? तर निघण्याआधी गावातल्या एस.टी.डी. बूथवर तो फोनवर बोलताना दोघातिघांनी पाहिला होता. तेवढं पुरलं. नवरीनेच बोलावलं असणार, असं ठरून गेलं. रेखाने नाही म्हणून सांगितलं, तिच्या वडिलांनी देवळात नारळावर हात ठेवून सांगितलं. मामी कुणाचंच ऐकत नव्हती. “हळदीच्या अंगानं बाहेर काढला तिनं माझ्या भावाला,” ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. दिवाळी झाली तरी रेखाचं लग्न कुठेच जमत नव्हतं. जिथे बोलणी सुरू व्हायची, तिथे हा फोन आधी पोचलेला असायचा.

तर, रिमोट. दिवाळीच्या गर्दीत एक कमी पडला म्हणून मामाने ड्रॉवरमधून तो जुना पांढरा काढला आणि मला पुन्हा रंगवायला दिला. मी रंगवला. चार दिवसांनी त्या पोराने म्हटलं तसे पिवळे डाग वर आले.

“डबा हलवला न्हाईस बराबर,” मामा म्हणाला. “नायतर पेट्रोलनं पुसला असशील. प्लास्टिकला पेट्रोल चालत न्हाई, मॅडम.”

मी पेट्रोलने पुसला नव्हता. तरी सगळं पुन्हा केलं. पॉलिश पेपरने रंग पार खालच्या राखाडी प्लास्टिकपर्यंत उतरवला. धुतला, स्पिरिटने पुसला. कापसाचे दिवस होते, मोंढ्यातून पुंजके उडत येत, म्हणून खोक्याच्या आत धरून स्प्रे मारला — आधी प्रायमर, मग पातळ तीन हात. पूर्ण एक दिवस वाळवला. शेजारी त्याच डब्यातून दुसरा रिमोट रंगवला, फरक कळावा म्हणून.

दुसरा पांढराशुभ्र राहिला. याच्यावर तिसऱ्या दिवशी पिवळं आलं. त्याच जागी.

नवा डबा आणला. तेच. मग वाटलं, जुनं प्लास्टिक आतून पिवळं पडतं, ते वर येत असेल. मामाकडून भंगारातल्या रिमोटचं कव्हर मागून घेतलं, कधीच रंग न लागलेलं. आतली सर्किटची पट्टी फक्त जुनी, बाहेरचं सगळं नवीन. तेव्हा मला खात्री होती की संपलं.

यावेळी डाग दोन दिवसांत आले.

“सोड ना आता,” मामा वैतागला. “एका रिमोटपायी किती डबे संपवून राह्यली तू?”

मी सोडलं नाही. एक चाचणी बाकी होती. शाळेत केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये शिकवली होती, आणि मामीच्या मोरीवर कपडे धुताना रोज बघत होते — हळदीला साबण लागला की ती लाल होते. ओल्या बोटावर साबण घेऊन मी एका डागावर फिरवला.

लाल झाला. कुंकवासारखा.

मी तो टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच नीट बघितलं, डाग कुठे आहेत ते. रिमोट धरणारा माणूस दोन्ही बाजूंनी मुठीत धरतो, अंगठ्याने बटणं दाबतो. मळही तिथेच बसतो. हे डाग बाजूला नव्हतेच. वरच्या सपाट भागावर, बटणांच्या शेजारी, ओळीने चार. गोल, बोटांच्या टोकाएवढे.

असं खेळणारा मी एकच माणूस पाहिला होता. सुनीलदादा गावात भजनाला पेटी वाजवायचा. रिमोटही तो मांडीवर आडवा ठेवायचा आणि पेटीच्या पट्ट्यांवर चालवावीत तशी चार बोटं चालवायचा. पोरं हसायची — “दादा, भैरवी होऊन जाऊ द्या!”

आता जे मी सहा महिने कुणालाही सांगितलं नव्हतं, ते लिहिते. तो पांढरा रिमोट मी त्याच्यासाठीच रंगवला होता, लग्नाची भेट म्हणून. हळदीच्या दिवशी सगळे गावाकडे गेले. मला गर्दी नको वाटते, म्हणून मी दुकानात थांबले. दुपारी तो दुकानात आला. कपाळ, गळा, हात — सगळं पिवळं. “एक डाव खेळतो अन् जातो जल्दी. कुणाला सांगू नको, ताई जीव घेईल माझा.” त्याने रिमोट मांडीवर घेतला आणि बोटं रंगात रुतली. रंग ओला होता. तो हसला, बोटं शर्टाला पुसली. “पुन्हा मार मॅडम, लग्न झाल्यावर नेतो.” आणि गेला. अर्ध्या तासात बातमी आली.

त्या दिवशी मी गप्प राहिले, कारण तोंडातून शब्द फुटत नव्हता. दुसऱ्या दिवशी, कारण पहिल्या दिवशी बोलले नव्हते. असं करत करत सहा महिने. ड्रॉवरमध्ये ठेवण्याआधी ते चार ठसे मी घासून काढले होते, इतकंच केलं होतं.

बुधवारी दुपारी लोडशेडिंग होतं. पार्लर रिकामं, मामा बाहेर. रिमोट मी पुन्हा रंगवून मागच्या खोलीत तारेला उलटा टांगला होता, वायर गुंडाळून, कशालाच न जोडता. मी पुढे बसले होते. मागून आवाज आला... टिक. टिक-टिक. टिक. रबरी बटण दाबून सोडल्याचा आवाज, मी दिवसभर ऐकायचे तोच. उंदीर असेल म्हणून उठले. दारात पोचेपर्यंत आवाज चालू होता. मी आत डोकावले आणि तो थांबला. तार हलत नव्हती. खोलीत स्प्रेचा वास यायला हवा होता, तिथे ओल्या हळदीचा आणि तेलाचा वास होता — लग्नघरात येतो ना, तसाच. रस्त्यावर भर दुपारचं ऊन, बैलगाड्या जात होत्या, आणि मी उंबऱ्यावरच उभी होते.

गुरुवारी तीर्थपुरीचे पाहुणे येणार होते. मामीच्या ओळखीतले, त्यांनी आपल्या मुलासाठी रेखाला बघितलं होतं, मुलगी पसंत होती. फक्त त्या फोनचं काय ते मामीच्या तोंडून ऐकायचं होतं. मामी सकाळपासून म्हणत होती, “येऊ दे त्यांना. खरं ते सांगीन.”

पाहुणे आले, तेव्हा मी मागच्या खोलीत तो रिमोट खाली काढत होते. फेकून द्यायचा ठरवलं होतं. रंग खडखडीत वाळला होता, नखाने टोकरून पाहिला. तरी हातात घेतला आणि माझ्या उजव्या हाताची चार बोटं पिवळी झाली.

“पूजा, चहा आण गं!” मामीने हाक मारली.

मोरीवर जाऊन मी बोटं साबणाने खसाखसा घासली. घासावं तशी लाल होत गेली. शेवटी तशीच ट्रे घेऊन बाहेर आले.

मामी बोलत होती. “बूथवर लोकायनं पाह्यलं त्याला. फोन आल्ता तिचा, मंगच निघाला तो.”

तीर्थपुरीच्या बाई कप घेता घेता थांबल्या. “पोरी, हाताला काय झालं गं?”

मामीने माझी बोटं बघितली, आणि तिचा आवाज एकदम बदलला. “हे काय? कोणाच्या हळदीला गेल्तीस तू?”

तो रिमोट आजही माझ्याकडे आहे. त्या गुरुवारनंतर मी त्याला रंगाचा हात लावलेला नाही. तो पांढराच आहे, नव्या कव्हरला जितका मळ बसेल तितकाच बसला आहे. पुढे मी पॉलिमर शिकले, रंग का पिवळे पडतात ते मला आता पानभर लिहिता येईल. त्यातलं एकही कारण इथे बसत नाही. सगळी लावून पाहिली आहेत.

त्या गुरुवारी ट्रे अजून माझ्या हातातच होता. मामा दारात येऊन उभा होता. मी खाली बघत होते, आणि बोलणारी मीच आहे हे मला माझाच आवाज ऐकून कळलं.

“मामी, तो फोन रेखाचा नव्हता. सुनीलदादाने बूथवरून दुकानात लावला होता, मी उचलला. त्याने विचारलं, रिमोट वाळला का. वाळला नव्हता... मला फोन ठेवायचा होता, म्हणून मी म्हणाले — वाळला.”