पडदेवालीचा बगळा

शनिवार, १४ डिसेंबर. थंडी वाढली. प्लंबर येऊन गीझरचा नळ बदलून गेला. दुपारी थोरलीचा फोन. संध्याकाळी पडदेवालीबरोबर नदीकाठच्या बागेत दिव्यांची शिल्पे पाहायला गेले.

रोजनिशीपुरते एवढे पुरे होते, पण पडदेवालीसाठी आज पान वाढवते.

ती आमच्या खालच्या मजल्यावर राहते. पडदे शिवणे हा तिचा जन्माचा धंदा. "माझ्या पडद्यातून सुईएवढा उजेड आत आला तर मशीन विकून टाकीन," असे गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायची. आमचे हे आजारी असताना त्यांना दिवसा झोप लागेना, तेव्हा न सांगता जाड अस्तराचा पडदा शिवून आणला आणि स्टुलावर चढून स्वतःच लावून गेली. त्या दुपारी ते गाढ झोपले. ते उपकार मी विसरलेले नाही.

तयार पडदे आले आणि तिचे मशीन बहुतेक दिवस झाकलेले राहू लागले. यंदा प्रदर्शनासाठी तारेचा मोठा बगळा करणाऱ्या एका मुलीने तिला पंखांची शिलाई दिली. काम पसंत पडले तर पुढच्या वर्षी सगळ्या पक्ष्यांची शिलाई तिलाच मिळणार होती.

हे गेल्यापासून मी अंधार पडल्यावर बाहेर पडत नाही. पण ती दारात उभीच. "काकू, चला. आमचे साहेब टीव्हीसमोरून हलायचे नाहीत. माझं कौतुक कोण करणार?"

लोकांना आत सोडायच्या आधीच आम्ही पोचलो. झाडांवर निळे दिवे, पाण्यावर कागदी कमळे. मुलीने बगळ्याचे बटण दाबले. उजवा पंख दुधासारखा उजळला. डावा काळाठिक्कर.

मुलगी बल्ब तपासू लागली. पडदेवालीने मात्र पंख चिमटीत धरला आणि मटकन खाली बसली.

"बल्ब ठीक आहे गं. अस्तर लावलंय मी."

"अस्तर? मावशी, मी कुठे दिलं होतं अस्तर?"

"माझ्याकडचं लावलं. हा पंख विरविरीत वाटला. म्हटलं, पोरीचं काम आहे, जरा भारदस्त दिसू दे. हात दाखवून अवलक्षण झालं."

मुलीने घड्याळ पाहिले. "आता लोक येतील. आज एकाच पंखावर भागवू. पुढच्या वर्षीचं मग बघू."

पडदेवालीचा चेहरा उतरला. मी विचारले, "अस्तर मशीनवर घातलंस का?"

"नाही. अस्तर मी हातानेच लावते. कापड छान पडतं."

"मग बसलीस काय? हातचे टाके लगेच उसवतात. कात्री काढ."

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला वाकडी शिवण उसवून पुन्हा घालायला लावत. ते शिक्षण आज कामी आले. एका कडेने ती, दुसऱ्या कडेने मी, आणि मधे मोबाइलचा उजेड धरून मुलगी. बोटे गारठली होती.

"काकू, हळू. कापड फाटेल."

"तू तुझी बाजू बघ. माझी पुढे गेलीय."

"जाणारच. मी टाके घट्ट घालते, तुमच्या वाट्याला सैल आले."

फाटकापाशी गलका सुरू झाला तेव्हा शेवटचा टाका सुटला. बटण दाबले. दोन्ही पंख एकदम उजळले. जन्मभर उजेड अडवणाऱ्या बाईच्या तोंडावर तो पडला होता.

"मावशी, पुढच्या वर्षी मोर आहे," मुलगी म्हणाली. "पण अस्तर घरी ठेवायचं."

"कुलूप लावून ठेवते," पडदेवाली म्हणाली आणि डोळे पुसत हसली.

परतताना तिने माझा हात धरला होता. मी पडू नये म्हणून, असे ती म्हणाली. फार दिवसांनी माझे हात कुणाच्या तरी कामी आले होते. तिचे आभार मी तिथे मानले नाहीत, इथे लिहिते आहे.

काढलेले अस्तर तिने मलाच दिले. धुऊन बाल्कनीत वाळत घातले. दोन उशांचे अभ्रे निघतील.